लिंकनच्या त्या किश्श्यातला पाद्री: फिरणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवरून आलाय, दर वेळी खाली टाळ्या आणि हसण्याचे इमोजी, म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून काढतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १८४६ साली अब्राहम लिंकन अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या निवडणुकीला उभा होता आणि समोर उमेदवार होता पीटर कार्टराइट नावाचा मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथाचा पाद्री. लिंकन त्याच्या प्रार्थनासभेत जाऊन मागे बसला. पाद्री म्हणाला, ज्यांना स्वर्गात जायचंय त्यांनी उभं राहा, काही जण उभे राहिले. मग म्हणाला, ज्यांना नरकात जायचं नाही त्यांनी उभं राहा, लिंकन सोडून सगळे उभे राहिले. तेव्हा पाद्र्याने विचारलं, "मिस्टर लिंकन, मग तुम्ही चाललात तरी कुठे?" आणि लिंकन म्हणाला, "मी काँग्रेसला चाललोय." सभा हसून हसून बेजार, पाद्र्याची बोलती बंद, लिंकन विजयी. ह्याच्यापुढे मेसेजमध्ये अजून बरंच जोडलंय: हा कार्टराइट अंगठाछाप होता आणि शिक्षणाचा शत्रू होता, धर्माच्या नावावर त्याने पैसा आणि सत्ता कमावली, "राष्ट्राध्यक्ष जॅक्सनलासुद्धा भर चर्चमध्ये शिव्या घालणारा" माथेफिरू होता, गुलामगिरीच्या बाजूचा होता, आणि ह्या अपमानानंतर जन्मभर लिंकनचा वैरी राहिला.

धर्म आणि राजकारण वेगवेगळं असावं हे माझंही मत आहे, मी मेथडिस्ट नाही, ख्रिस्ती पण नाही. पण कार्टराइटचं १८५६ साली आलेलं आत्मचरित्र मी गेल्या पावसाळ्यात सावकाश वाचून काढलंय आणि त्या माणसाशी माझं अनेक बाबतीत पटत नसूनही मला तो आवडायला लागलाय, आणि एका खऱ्याखुऱ्या माणसाला असं एका जोकपुरतं उरवून टाकलेलं बघवत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी माणूस कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जन्म १ सप्टेंबर १७८५, व्हर्जिनियात. बाप स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. पोर लहान असतानाच कुटुंब केंटकीत गेलं आणि तिथे लोगन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा धरा) ज्या भागात राहिलं त्याला लोक 'बदमाशांचं बंदर' म्हणायचे, कारण इकडून तिकडून पळून आलेले खुनी, घोडेचोर, दरोडेखोर सगळे तिथे येऊन राहिलेले. पोरगा पत्ते कुटणारा, शर्यतीच्या घोड्याचा नाद असलेला, नाचगाण्यात पुढे. आई मात्र मेथडिस्ट, रडून रडून समजावणारी. १८०१ साली त्या भागात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली, जंगलात मोकळ्या जागी मुक्काम ठोकून दिवसचे दिवस चालणाऱ्या सभा, त्यांना कॅम्प मीटिंग म्हणायचे, त्या काळात हा सोळाव्या वर्षी पालटला. शर्यतीचा घोडा बापाला परत केला, पत्त्यांचा कॅट आईच्या हातात दिला, तिने तो चुलीत घातला. पुढच्याच वर्षी चर्चने त्याला लोकांपुढे बोलायचा परवाना दिला आणि १८०३ पासून तो घोड्यावर बसला तो जवळजवळ सत्तर वर्षं उतरलाच नाही म्हणा. ह्या लोकांना सर्किट रायडर म्हणायचे. एकेकाला वस्त्यांची एक मोठी फेरी ठरवून दिलेली, ती चार-सहा आठवड्यांत एकदा पुरी करायची, जिथे चार झोपड्या असतील तिथे प्रवचन, लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी, आणि रात्री ज्या घरी जागा मिळेल तिथे पथारी. आपल्याकडे गावोगाव फिरणारे कीर्तनकार असतात ना, साधारण तसं डोळ्यासमोर आणा, फक्त रस्ते नाहीत, नद्यांवर पूल नाहीत.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला, तो किस्सा. हे घडलं असं लिंकनने स्वतः कुठेही लिहिलेलं नाही. त्याची पत्रं, भाषणं, टिपणं सगळी छापलेली आहेत, त्यात नाही. कार्टराइटच्या आत्मचरित्रात तर १८४६ च्या निवडणुकीचा आणि लिंकनचा उल्लेखच नाही. किस्सा घरोघरी पोचला तो कार्ल सँडबर्गने १९२६ साली लिहिलेल्या लिंकन-चरित्रामुळे, म्हणजे लिंकनला जाऊन ६१ वर्षं आणि कार्टराइटला जाऊन ५४ वर्षं झाल्यावर, आणि सँडबर्ग मुळात कवी, ऐकीव गोष्टी रंगवून सांगणारा. आपल्याकडे कुठलाही चटपटीत विनोद पुलंच्या नावावर आणि हजरजबाबी उत्तर अत्र्यांच्या नावावर खपतं, तसंच तिकडे लिंकनचं आहे.

बरं, कागदोपत्री जे खरं घडलं ते ह्या किश्श्याच्या अगदी उलट आहे आणि मला तर ते जास्त रंजक वाटतं. त्या निवडणुकीत लिंकनबद्दल कुजबुज सुरू झाली होती की हा धर्माची टिंगल करतो, नास्तिक आहे. लिंकन हे हसण्यावारी नेऊ शकला असता, नाही नेलं त्याने. मतदान होतं ३ ऑगस्टला आणि ३१ जुलैची तारीख घालून त्याने एक पत्रक छापून वाटलं. त्यात तो म्हणतो की मी कुठल्याही चर्चचा सभासद नाही हे खरं आहे, पण मी पवित्र शास्त्र खोटं आहे असं कधी म्हटलेलं नाही, आणि धर्माबद्दल किंवा ख्रिस्ती लोकांच्या कुठल्या पंथाबद्दल मुद्दाम अनादराने कधी बोललो नाही. इतकंच नाही, तरुणपणी माणसाच्या हातात काही नसतं, मनाला बाहेरची कुठली तरी शक्ती चालवते असा वाद मी घालायचो पण पाच वर्षांहून जास्त काळ झाला ते सोडून दिलंय, हेही कबूल करून टाकतो. आणि शेवटी म्हणतो की जो माणूस उघड उघड धर्माचा वैरी आणि टिंगलखोर आहे असं मला माहीत असेल त्याला मी स्वतःसुद्धा मत देऊ शकणार नाही. मतदानाला तीन दिवस राहिलेत आणि उमेदवार अशी सफाई देतोय. हा माणूस त्याच निवडणुकीच्या धामधुमीत भर प्रार्थनासभेत बसून स्वर्ग-नरकावर जोक मारेल? मला नाही पटत. मतदानानंतर आठवडाभराने, ११ ऑगस्टला, तो एका संपादकाला पत्र लिहून सांगतो की ही कुजबुज कार्टराइटच करत होता असं त्याला कळलंय, आणि कार्टराइटने माझ्या तोंडून धर्माबद्दल माझं मत कधी ऐकलेलंच नाही. तेव्हा कार्टराइटने किंवा त्याच्या लोकांनी कुजबुज-प्रचार केला असावा हे मी नाकारत नाही आणि केला असेल तर ते वाईटच. पण ह्या भांडणात घाबरलेला, सारवासारव करणारा लिंकन होता, मेसेजमधला तो बेफिकीर लिंकन नव्हे.

आणि निवडून आला तो काही त्या एका वाक्यामुळे नाही. इलिनॉयमध्ये तेव्हा सात मतदारसंघ होते, त्यात लिंकनचा सातवा हा एकच व्हिग पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅटांसमोरच्या तेव्हाच्या मोठ्या पक्षाच्या हातातला. आधी हार्डिन, मग बेकर, दोघंही व्हिग, त्याच जागेवरून गेलेले आणि आता लिंकनची पाळी होती. कार्टराइट डेमोक्रॅट. लिंकनला ६,३४० मतं, कार्टराइटला ४,८२९, आणि वॉलकॉट नावाच्या गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाच्या उमेदवाराला २४९. म्हणजे १,५११ चं मताधिक्य, तेही पक्षाच्या बालेकिल्ल्यात.

शिवाय मेसेजमध्ये एक मोठी गोष्ट गाळलीय, मुद्दाम की नकळत माहीत नाही. हे दोघं पहिल्यांदा आमनेसामने आले ते १८४६ ला नाही, १८३२ ला. इलिनॉयच्या विधानसभेसाठी सँगमन काउंटीतून चार जागा, तेरा उमेदवार. लिंकन २३ वर्षांचा, ब्लॅक हॉक युद्धातून, म्हणजे त्या नावाच्या मूळनिवासी नेत्याविरुद्धच्या लढाईतून नुकताच परत आलेला, त्याचा आठवा नंबर आला. कार्टराइट निवडून आला. स्वतःच्या न्यू सेलम गावात लिंकनला ३०० पैकी २७७ मतं होती पण बाकी काउंटीत त्याला ओळखतंय कोण, आणि कार्टराइटला तर घोड्याच्या टापांवरून ओळखणारे लोक घरोघरी. पुढे १८६० साली लिंकनने स्वतःबद्दल जी माहिती लिहून दिली त्यात हे आहे की थेट लोकांच्या मतांनी मी हरलो तो एवढाच एकदा. तर हिशोब १-१ असा आहे.

दुसरा मुद्दा, अंगठाछाप आणि शिक्षणाचा शत्रू. इथे थोडं थांबतो कारण ह्यात खऱ्याचा अंश आहे. कार्टराइटची शाळा जेमतेम झाली, आणि कॉलेजात शिकून आलेल्या, लिहून आणलेलं प्रवचन वाचून दाखवणाऱ्या पाद्र्यांची त्याने आत्मचरित्रात भरपूर उडवलीय. एके ठिकाणी म्हणतो की असले लोक बघितले की मला पीचच्या झाडाच्या सावलीत वाढलेल्या लेट्यूसच्या पाल्याची आठवण होते, नाहीतर दवात चालून चालून पाय फाकलेल्या बदकाच्या पिल्लाची. म्हणतो, हे लोक आगकाड्या पेटवत होते तोवर आमच्या अडाणी मेथडिस्ट उपदेशकांनी जगाला आग लावून टाकली. आमच्या वेळी देवाने बोलावलंय असं वाटलं की माणूस कॉलेज शोधत नसे, एक काटक तट्टू शोधे, आणि त्याची लायब्ररी खोगिराच्या पिशवीत: बायबल, स्तोत्रांचं पुस्तक आणि चर्चच्या नियमांचं पुस्तक. बस. हे वाचून कुणाला तो शिक्षणाचा वैरी वाटला तर मी त्याला दोष देणार नाही.

पण त्याच पुस्तकात पुढे-मागे बघा. तो पोरगेलासा असताना विल्यम मॅकेंड्री नावाचा वरिष्ठ, जो पुढे बिशप झाला, त्याला वाचायला पुस्तकं निवडून द्यायचा, व्याकरण पक्कं करून घ्यायचा, आणि दर तीन महिन्यांनी फेरीवर आला की परीक्षा घेऊन चुका दुरुस्त करायचा. कार्टराइटने ह्या माणसाचे उपकार आयुष्यभर मानले. म्हणजे शिक्षण होतंच, फक्त ते घोड्याच्या पाठीवर होतं. हे उपदेशक चर्चच्या छापखान्याची पुस्तकं पिशवीतून नेऊन विकायचे, आणि ज्या वस्तीत शाळा नाही, दुकान नाही तिथे छापलेलं पहिलं पुस्तक ह्यांच्याच हातून पोचायचं. १८२८ मध्ये इलिनॉयच्या लेबनन गावात जे मॅकेंड्री कॉलेज निघालं त्याच्यामागे हा होता, ब्लूमिंग्टनला १८५० मध्ये इलिनॉय वेस्लियन विद्यापीठ निघालं त्याच्या संस्थापकांत ह्याचं नाव आहे. शिक्षणाच्या शत्रूची ही कामं नाहीत. आणि अंगठाछाप म्हणून हिणवायचंच असेल तर लिंकनने स्वतःच लिहून ठेवलंय की माझी सगळी शाळा मिळून एक वर्षसुद्धा भरणार नाही. लिंकनचं तेच कौतुकाने सांगायचं आणि कार्टराइटचं तेच शिवी म्हणून वापरायचं हे मला पटत नाही.

(मेथडिस्ट म्हणजे कुणी लांबचे लोक असं वाटत असेल तर मुंबईकरांसाठी एक गोष्ट. कार्टराइटसारखाच व्हर्जिनियात जन्मलेला विल्यम टेलर, जो सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लोकांची झुंबड उडाली त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभं राहून प्रवचनं द्यायचा, तो १८७१ ला मुंबईत आला आणि इथल्या मेथडिस्ट मंडळ्या त्याच्यामुळे उभ्या राहिल्या. कुलाब्याला रीगलजवळ जे बोवेन चर्च आहे ते त्याच्या सोबत्याच्या, जॉर्ज बोवेनच्या नावाचं. म्हणजे इकडे ते काम सुरू होत होतं तेव्हा तिकडे इलिनॉयमध्ये कार्टराइट शेवटची वर्षं काढत होता.)

तिसरा, पैसा. हा आरोप वाचून मला खरंच राग आला. त्या काळात मेथडिस्ट फिरत्या उपदेशकाला वर्षाला जास्तीत जास्त ८० डॉलर घ्यायची परवानगी होती, आणि तेही लोकांनी दिले तर, बहुतेक वेळा पुरे जमायचेच नाहीत. कार्टराइट तरुण असताना ओहायो नदीकाठी मॅरिएटाच्या फेरीवर होता, त्याचं वर्णन त्याने केलंय ते जसंच्या तसं डोळ्यासमोर येतं. घर सोडून तीन वर्षं झालेली, घर पाचशे मैल लांब. घोडा आंधळा झालेला. खोगीर झिजून गेलेलं. लगामाचे पट्टे निदान डझनभर वेळा तुटून पुन्हा जोडलेले. कपड्यांना ठिगळांवर ठिगळं, इतकी की मूळ कापड कुठलं ते ओळखू येईना. आणि खिशात बरोबर ७५ सेंट. त्या आंधळ्या घोड्यावर बसून हा घरी निघाला, वाटेत लोकांच्या दयेवर खात-पीत पोचला, बापाने नवा घोडा, नवं खोगीर-लगाम, नवे कपडे आणि ४० डॉलर रोख दिले, आणि हा पुन्हा बाहेर. धर्माच्या नावावर कमावणारा माणूस असा असतो का हो? पुढे शेती केली, जमीन घेतली, घरात खाणारी तोंडं किती, नऊ मुलं होती त्याला, ते पोट शेतीवर चाललं. दोनदा विधानसभेत गेला, १८२८ आणि १८३२ ला, आणि राजकारणाची हौस त्याला होती हे खरंच आहे, त्यात मी त्याची बाजू घेत नाही. पाद्र्याने मतं मागत फिरावं हे तेव्हाच्याही अनेकांना खटकायचं आणि मलाही खटकतं.

ह्याच मुद्द्याला धरून एक प्रसंग सांगायचाय कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही. १८२४ मध्ये बायकामुलांना घेऊन तो केंटकी सोडून इलिनॉयला निघाला. गाडीतून प्रवास, रात्री उघड्यावर मुक्काम. एका रात्री झाडाच्या बुंध्याशी शेकोटी पेटवून सगळे झोपले. पहाटे पहाटे ते झाड कोसळलं आणि त्याच्या तिसऱ्या मुलीवर, सिंथियावर पडलं. जागच्या जागी गेली पोर. बापाने नंतर ते झाड बघितलं, आणि तीस-बत्तीस वर्षांनी लिहिताना त्याला जे आठवतंय ते हे, की बाहेरून मांस कापायच्या सुरीच्या पाठीएवढा जाड थर तेवढा धड होता, आत सगळं सुकून कुजलेलं, आणि आम्हाला शंकासुद्धा आली नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस. पोरीला वाटेतच पुरून ते पुढे गेले आणि सँगमन काउंटीत प्लेझंट प्लेन्सजवळ स्थायिक झाले. तो आयुष्यभर तिथेच राहिला.

आता केंटकी सोडलं कशाला, इथे चौथा मुद्दा येतो, गुलामगिरी. त्याने स्वतः कारणं दिलीत: गुलामगिरीच्या पापापासून लांब जायचं होतं, आणि मुलांना अशा ठिकाणी वाढवायचं होतं जिथे हाताने काम करणं कमीपणाचं मानत नाहीत. मुलींची लग्नं गुलाम बाळगणाऱ्या घरात होतील ही भीती होती. चांगली जमीन स्वस्तात मिळेल हेही कारण त्याने लपवलेलं नाही. तेव्हा गुलामगिरीच्या बाजूचा हे साफ खोटं. १८४४ साली मेथडिस्ट चर्चच्या न्यूयॉर्कमधल्या महासभेत जॉर्जियाच्या बिशप अँड्र्यूकडे गुलाम होते म्हणून अख्खं मेथडिस्ट चर्च दुभंगलं, दक्षिणेचं वेगळं चर्च झालं, तेव्हा कार्टराइट त्या सभेत होता, तो उत्तरेच्या बाजूनेच राहिला आणि फूट पडू नये असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं.

पण म्हणून कुणी त्याला गुलाममुक्तीचा सेनानी करणार असेल तर तेही मी थांबवीन. दुसऱ्या एका ग्रुपवर उलट टोकाचं वाचलं की "कार्टराइटने इलिनॉयला गुलामगिरीपासून वाचवलं". तसं नाही. राज्यघटना बदलून गुलामगिरी आणायची का ह्यावर इलिनॉयमध्ये मतदान झालं ते २ ऑगस्ट १८२४ ला, विरोधात ६,६४०, बाजूने ४,९७२, आणि हा तिथे राहायला आला त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी, तोवर ते सगळं उरकलं होतं. आणि ताबडतोब मुक्ती मागणाऱ्या कडव्या लोकांवर, ज्यांना अबॉलिशनिस्ट म्हणायचे, तो आत्मचरित्रात चांगलाच घसरलाय. त्याचं म्हणणं, मालकाला समजावून, त्याचं मन पालटूनच हे सुटेल, शिव्या देऊन दक्षिणेतले दरवाजे बंद होतात. आज वाचताना ते अपुरं वाटतं, गुलामाच्या बाजूने बघितलं तर फारच अपुरं. त्यात तो डेमोक्रॅट पक्षातच राहिला. १८४६ ला ज्यांना फक्त गुलामगिरीचाच प्रश्न महत्त्वाचा वाटला त्या २४९ जणांनी कार्टराइटलाही मत दिलं नाही आणि लिंकनलाही नाही, हे लक्षात ठेवावं.

जॅक्सनचा प्रसंग, हा पाचवा, आणि ह्यात मेसेजने काळच चुकवलाय. प्रसंग १८१८ चा, नॅशव्हिलचा. अँड्र्यू जॅक्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हता, जनरल होता, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचा हिरो, राष्ट्राध्यक्ष झाला १८२९ ला. चर्च गच्च भरलेलं, कार्टराइट प्रवचनाच्या मध्ये, आणि जॅक्सन आत येऊन मधल्या खांबाला टेकून उभा राहिला. तिथल्या पाद्र्याने मागून कोट ओढून कुजबुजत सांगितलं, "जनरल जॅक्सन आलेत, जनरल जॅक्सन आलेत." कार्टराइट भडकला आणि मोठ्याने म्हणाला, "कोण जनरल जॅक्सन? त्याचा आत्मा पालटला नाही तर देव त्यालाही नरकात टाकील, गिनीहून आणलेल्या काळ्याला टाकील तितक्याच झटपट." हे शेवटचे शब्द हल्ली शेअर करताना गाळतात, मी गाळत नाही, कारण त्याच्यात तो काळ आणि तो माणूस दोन्ही आहेत: देवापुढे जनरल आणि गुलाम सारखे हे ठणकावून सांगणारा, आणि सगळ्यात खालचा कोण हे सांगायला आफ्रिकेच्या माणसाचाच दाखला घेणारा. आता "शिव्या घातल्या" म्हणणाऱ्यांनी पुढचं पण सांगावं ना. दुसऱ्या दिवशी तो पाद्री धावत माफी मागायला गेला तर जॅक्सनने त्यालाच झापलं, आणि रस्त्यात कार्टराइट भेटल्यावर हात पुढे करून म्हणाला की तुम्ही माझ्या मनासारखे आहात, असे निडर अधिकारी हजारोंनी आणि कवायती सैन्य हाताशी असेल तर मी इंग्लंड घेईन. अर्थात हे सगळं आपल्याला कळतं ते कार्टराइटच्याच तोंडून, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चाला.

मीठ-मसाल्यावरून आठवलं. १८५२ ला महासभेसाठी तो बॉस्टनला गेला, तिथे त्याचं प्रवचन ठेवलं, लोकांनी गर्दी केली आणि मग हिरमुसले. त्याने त्याबद्दल लिहिलंय की देशभर मेथडिस्ट उपदेशकांबद्दलचे जेवढे म्हणून किस्से फिरत होते ते जवळजवळ सगळे माझ्या नावावर चिकटवलेले होते, लोक विचित्र चाळे बघायला मिळतील म्हणून आले आणि ते मिळाले नाहीत म्हणून नाराज झाले. हे १८५६ च्या पुस्तकात आहे! म्हणजे माणूस जिवंत असतानाच, रेडिओ नव्हता, फोन नव्हता, तेव्हाच त्याची ही गत झाली होती आणि त्याला त्याचं वाईट वाटत होतं.

शेवटचा मुद्दा, जन्मभराचं वैर. ह्याला माझं उत्तर म्हणजे १८५९ चा खटला, आणि हे मला त्या काँग्रेसच्या जोकपेक्षा शंभरपट मोलाचं वाटतं. १६ जुलै १८५९ ला प्लेझंट प्लेन्समधल्या एका औषधाच्या दुकानात दोन तरुणांची मारामारी झाली. एक ग्रीक क्राफ्टन, जो लिंकनच्याच ऑफिसात वकिली शिकलेला, आणि दुसरा पीची क्विन हॅरिसन, कार्टराइटच्या मुलीचा मुलगा. क्राफ्टन अंगावर आला, हॅरिसनने सुरा काढला, पोटात वार बसला, क्राफ्टन दोन दिवसांनी मेला. नातवावर खुनाचा खटला. आणि त्याला वाचवायला वकील कोण उभा राहिला तर लिंकन, जोडीला स्टीफन लोगन. ज्याला आपण १८४६ मध्ये पाडलं आणि ज्याने १८३२ मध्ये आपल्याला पाडलं त्याचा नातू, आणि मेलेला मुलगा आपल्याच ऑफिसातला. जरा कल्पना करा काय अवघड जागी बसला असेल तो.

बचावाचा सगळा डोलारा एका साक्षीवर होता आणि ती साक्ष म्हाताऱ्या कार्टराइटची. क्राफ्टन मरणाच्या दारात असताना कार्टराइट त्याच्या बिछान्याशी गेला होता, मरणाऱ्याचं शेवटचं ऐकायला पाद्री म्हणून जातात तसा, आणि त्या मुलाने त्याला सांगितलं होतं की हे मी माझ्यावर ओढवून घेतलं, मी क्विनला माफ करतो. आता आरोपीचा आजोबा येऊन असं सांगतो म्हटल्यावर सरकारी बाजू गप्प बसणार का, हे बोलणं पुरावा म्हणून घ्यायचंच नाही असा त्यांचा जोर, आणि लिंकनने त्यावर न्यायाधीशांशी कसून वाद घातला. न्यायाधीशांनी साक्ष घेतली. खटला ३१ ऑगस्टला सुरू झाला, ३ सप्टेंबरला संपला, म्हणजे मधल्या १ सप्टेंबरला कार्टराइटला ७४ पुरी झाली, स्प्रिंगफील्डला नातवाच्या खुनाचा खटला चालू असताना. आणि नातवाच्या बाजूने उभा असलेला वकील कोण, तर तेरा वर्षांपूर्वी ज्याच्या धर्माबद्दल गावभर कुजबुज झाली तो. ज्युरीने साधारण तासाभरात निकाल दिला, निर्दोष.

हे सांगोवांगीचं नाही हे मुद्दाम सांगतो. रॉबर्ट हिट नावाच्या लघुलेखकाने त्या कोर्टातला शब्द न् शब्द उतरवून घेतला होता, आणि ती हस्तलिखित प्रत हरवली असं समजून लोकांनी आशा सोडली होती, ती १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी हॅरिसनच्या वंशजांच्या घरी गॅरेजमध्ये सापडली. साक्ष देणारा कार्टराइट आणि वकील लिंकन दोघांचे शब्द त्यात आहेत, सव्वाशे वर्षं कुणी रंग न चढवलेले. ह्यानंतर साधारण साडेआठ महिन्यांनी लिंकनला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. पुढे उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा कार्टराइट, जन्माचा डेमोक्रॅट, संघराज्याच्या बाजूने, म्हणजे लिंकनच्या बाजूने उभा राहिला.

तो वारला २५ सप्टेंबर १८७२ ला, ८७ व्या वर्षी, प्लेझंट प्लेन्सजवळच, लिंकनच्या मागे सात वर्षांनी. तेव्हा ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान ह्यातली "जन्मभर वैरी" ही ओळ तरी खोडा आणि तिथे १८५९ चा खटला लिहा, जागा तेवढीच लागते.